कोट्यवधी वर्षं मुरलेलं, पाच आठवड्यांत संपलेलं

सिलिंडर घरात आला की आपण काय बघतो? सील शाबूत आहे ना, आतलं वायसर नीट बसलं आहे ना, आणि सुटे पैसे किती काढायचे. त्याच्या मुठीच्या पट्टीवर रंगानं लिहिलेला आणखी एक आकडा असतो, पंधरा-सोळा किलोंच्या आसपासचा. तो वाचणाऱ्या बायका फार थोड्या. तो आकडा म्हणजे रिकाम्या सिलिंडरचं वजन. त्यात 14.2 किलो मिळवले की भरलेल्या सिलिंडरचं वजन यायला हवं. घरी आणून देणाऱ्याजवळ वजनकाटा असला पाहिजे आणि आपण मागितला तर त्यानं तो लावून दाखवला पाहिजे. पण कमी भरणाऱ्या गॅसची तक्रार करायला मी आज बसलेली नाही. त्या 14.2 किलोंबद्दलच थोडं बोलायचं आहे. ते येतात कुठून, तयार व्हायला त्यांना किती काळ लागला, आणि ते आपल्या हातून कसे जातात.

मी एका माध्यमिक शाळेत अर्धवेळ भूगोल शिकवते. घर, दोन मुलं, सासूबाई आणि दुपारचे चार तास शाळा, असा माझा दिवस. आठवीच्या वर्गात खनिज इंधनांचा धडा घेत होते. दगडी कोळसा, खनिज तेल, नैसर्गिक वायू हे मर्यादित साठे आहेत, वगैरे नेहमीचं सांगून झालं, तेव्हा मागच्या बाकावरची एक मुलगी उठून म्हणाली, "बाई, पण जमिनीत ते पहिल्यांदा तयार झालंच ना? मग संपलं तर परत नाही का होणार?"

प्रश्न काही वेडगळ नव्हता. मी म्हटलं, "होईल की, थांबायची तयारी असली तर!" मुली हसल्या. पण मग थांबायचं म्हणजे किती, हे सांगावं लागलं.

आपल्याकडे लिंबाचं लोणचं मुरायला महिना लागतो. मुरंबा चांगला लागायला एखादा पावसाळा जावा लागतो. खनिज तेल हेही एक प्रकारचं मुरवणच आहे. उथळ समुद्रात तरंगणारे, डोळ्यांना न दिसणारे कोट्यवधी जीव आणि शेवाळ मरून तळाशी गेलं. त्यावर गाळ बसला. गाळावर गाळ बसत सगळं खोल खोल दबत गेलं. हवा नाही, वर प्रचंड दाब, आणि पृथ्वीच्या पोटातली ऊब. ही ऊब फार भयंकर असते असंही नाही. साधारण साठ अंशांपासून एकशेवीस अंशांपर्यंत, म्हणजे आपल्या कुकरच्या आत असते तेवढीच. फक्त आपण कुकर वीस मिनिटं ठेवतो, आणि तो लाखो-कोट्यवधी वर्षं ठेवलेला होता. एवढं झाल्यावर त्यातून तेल निघालं आणि त्याच्या सोबतीनं वायू.

कोळशाची गोष्ट याहून जुनी. आपल्या चंद्रपूर-बल्लारपूर भागातला कोळसा ज्या झाडांचा झाला ती झाडं पंचवीस कोटी वर्षांपूर्वीची. त्या वेळी डायनोसोरसुद्धा जन्माला यायचे होते! त्या झाडांची जिभेच्या आकाराची पानं खाणीतल्या दगडांवर ठसा उमटून अजून सापडतात. गोंडांच्या मुलखावरून शास्त्रज्ञांनी या साऱ्या खडकांना 'गोंडवन' नाव दिलं, आणि आज जगभरच्या भूगोलाच्या पुस्तकांत ते नाव आहे.

झाडांनी सूर्याचं ऊन खाल्लं, ते जमिनीत पुरलं गेलं, आणि ते साठवलेलं ऊन आपण काडी ओढून मोकळं करतो. मुलींना मी एवढंच सांगितलं. माणसानं खनिज तेल मोठ्या प्रमाणावर उपसायला सुरुवात केल्याला अजून दोनशे वर्षंही झालेली नाहीत. आपल्या देशात आसामातल्या दिग्बोईला 1889 साली तेल लागलं आणि 1901 साली तिथं शुद्धीकरण कारखाना सुरू झाला. माझ्या आजेसासूबाईंच्या आजीच्या आयुष्यातली ही गोष्ट.

आता महाराष्ट्राजवळ येऊ. लग्नामुंजीत आहेराच्या पाकिटात आपण वर एक रुपया घालतो. एक रुपयाची नोट कधी हाताशी आली तर मागची बाजू बघा. समुद्रात उभा असलेला एक मनोरा त्यावर छापलेला आहे. तो 'सागर सम्राट'. मुंबईच्या पश्चिमेला सुमारे 160 किलोमीटरवर भर समुद्रात त्यानं 1974 च्या फेब्रुवारीत तेल शोधून काढलं, आणि त्या जागेला बॉम्बे हाय, म्हणजे आताचं मुंबई हाय, असं नाव पडलं. 1976 पासून तिथून तेल येऊ लागलं. समुद्राखालच्या नळांनी वायू उरणला येतो, तिथं त्यातून आपला स्वयंपाकाचा गॅस वेगळा काढतात. प्रोपेन आणि ब्यूटेन या दोन वायूंचं ते मिश्रण. दाबाखाली त्याचा द्रव होतो, म्हणून तर एवढा गॅस एवढ्याशा सिलिंडरमध्ये मावतो. त्याला स्वतःचा वास नसतो बरं का! गळती कळावी म्हणून तो कुजका वास मुद्दाम मिसळलेला असतो.

मुंबई हायच्या त्या विहिरी 1980 च्या दशकात दिवसाला साडेचार लाख पिंपांच्या वर तेल देत होत्या. 2024 साली हा आकडा दीड लाखाच्याही खाली आला होता. उरलंसुरलं जास्त काढता यावं म्हणून 2025 च्या आरंभी बीपी या ब्रिटिश कंपनीला मदतीला घ्यावं लागलं. पन्नास वर्षं झाली नाहीत तोवर विहीर तळाला लागल्याची ही चिन्हं. आणि ते तेल काढणारी माणसं! जुलै 2005 मध्ये तिथल्या एका मनोऱ्यावर आग लागून बावीस जण गेले. मे 2021 मध्ये 'तौक्ते' चक्रीवादळात तिथल्या कामगारांना ठेवलेला पी-305 हा तराफा बुडाला आणि सत्तरहून अधिक माणसं समुद्रात गेली. शेगडीच्या निळ्या ज्योतीकडे बघताना हे कुणाला आठवतं?

घरचं पुरत नाही म्हणून बाहेरून आणायचं, हा आपल्या देशाचा जुना संसार. 2023-24 साली आपण वापरलेल्या खनिज तेलापैकी सुमारे 88 टक्के परदेशचं होतं. स्वयंपाकाचा गॅस त्या वर्षी जवळजवळ 3 कोटी टन लागला, त्यातला सव्वा कोटी टनांच्या आसपास इथं तयार झाला. म्हणजे तुमच्या-माझ्या दहा सिलिंडरपैकी सहा जहाजानं आले, आणि त्यांतले बहुतेक आखातातून. नकाशा काढून बसा. इराण आणि ओमान यांच्यामध्ये होर्मुझची सामुद्रधुनी म्हणून समुद्राची एक चिंचोळी वाट दिसेल. कतार, कुवेत, अबूधाबी यांची जहाजं त्या वाटेनं बाहेर पडतात. तिथं कुणी कुणावर डोळे वटारले की सांगली-सोलापूरच्या स्वयंपाकघरात त्याची धग लागते.

मी हे वाढवून सांगत नाही. ऑक्टोबर 1973 मध्ये अरब-इस्रायल युद्ध झालं, अरब राष्ट्रांनी तेल आखडलं आणि तीन डॉलरचं पिंप काही महिन्यांत बारा डॉलरच्या घरात गेलं. त्याच सुमारास मुंबईत महागाईविरुद्ध बायका लाटणी आणि थाळ्या घेऊन रस्त्यावर उतरत होत्या. मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर पुढे आणि मागे हजारो गृहिणी. रॉकेल, गोडेतेल, साखर, सगळ्यांचीच रड होती. पुढे ऑगस्ट 1990 मध्ये इराकनं कुवेत गिळला, तेल भडकलं, आणि 1991 साली परकीय चलनाची तिजोरी इतकी रिकामी झाली की देशाचं सोनं परदेशी गहाण टाकावं लागलं. तेलाचं बिल हे त्यातलं एक मोठं कारण होतं. घरावर सोनं गहाण टाकायची वेळ आली तर बाईला काय वाटतं, हे मी तुम्हाला सांगायला नको.

आमच्या सासूबाईंचं लग्न 1979 सालचं. रेशनकार्ड आणि पत्र्याचा डबा घेऊन रॉकेलच्या रांगेत त्यांनी कैक सकाळी काढल्या आहेत. डबे रांगेत ठेवायचे आणि बायकांनी सावलीत बसून गप्पा मारायच्या, कुणाचा डबा पुढे सरकला की भांडण! गॅससाठी नंबर लावला तो सात वर्षांनी लागला. तोवर वातीचा स्टोव्ह, भुशाची शेगडी आणि आंघोळीच्या पाण्याला बंब. त्यांना आजही शेगडी मोठी करून कुणी तिच्यासमोरून हललं की चैन पडत नाही. मी नवी नवरी असताना मला ते किरकिर वाटे. आता भूगोल शिकवता शिकवता त्यांची बाजू पटू लागली आहे.

तर आता शेगडीजवळ जाऊ. इथं मला थोडं गणित करू द्या, कारण 'इंधन वाचवा' अशा पाट्या सगळेच लावतात, पण नक्की कुठं वाचतं ते कुणी सांगत नाही.

एक लिटर पाणी साध्या तापमानापासून उकळीपर्यंत न्यायला 75 एकक उष्णता लागते असं धरा. तेच पाणी उकळून पूर्ण आटवायचं ठरवलं तर आणखी 540 एकक लागते. सातपटीनं जास्त! म्हणजे पाणी तापवण्यात गॅस फारसा जात नाही, तो वाफ उडवण्यात जातो. आणि पाण्याला एकदा उकळी फुटली, की खाली कितीही मोठी आच केली तरी त्याचं तापमान वाढत नाही. वाफ तेवढी जास्त होते. बटाटे खदखदा उकळणाऱ्या पाण्यात जितक्या वेळात शिजतात तितक्याच वेळात ते नुसत्या हलत्या पाण्यातही शिजतात. हे एक वाक्य लक्षात ठेवलं तरी लेख वाचल्याचे पैसे वसूल! उकळी आली की आच बारीक, वर झाकण. आमटी असो, भाजी असो, की उसळ.

बासुंदी आटवायची असेल तर गोष्ट वेगळी. तिथं वाफ घालवणं हेच काम आहे. सणाला आटवा, बिनधास्त आटवा.

कुकरचंही तेच. आत दाब वाढतो, त्यामुळे पाणी शंभरऐवजी सुमारे एकशेवीस अंशांला पोचतं आणि डाळ लवकर शिजते. शिट्टी होते तेव्हा दाब पुरा झालेला असतो आणि जास्तीची वाफ बाहेर पडते. शिट्टी म्हणजे डाळ शिजल्याची पावती असं आपल्या मनात बसलं आहे, आणि शेजारच्या घरच्या शिट्ट्याही आपण मोजतो! पहिली शिट्टी होऊ लागली की आच अगदी बारीक करावी आणि मिनिटं मोजावीत. डाळ-तांदूळ अर्धा तास आधी भिजवलेले असले तर ही मिनिटं आणखी कमी होतात. गॅस बंद केल्यावर कुकर आपोआप उतरू द्यावा. नळाखाली धरला की आतली ती ऊब मोरीत जाते, आणि त्या उबेत भाताची शितं छान फुलायची राहून जातात.

शेगडीच्या बर्नरनं गॅसमधली किमान 68 टक्के उष्णता भांड्याला द्यावी असं सरकारी मानक आहे. घरात तेवढी ती पोचत नाही, आणि याची कारणं आपल्या डोळ्यांसमोर असतात. ज्योत भांड्याच्या बाजूंनी वर चढत असेल तर ती भिंत तापवते आहे. लहान पातेलं लहान बर्नरवर ठेवा. ज्योत पिवळी दिसू लागली, पातेल्यांचे बूड काळे होऊ लागले, म्हणजे बर्नरची भोकं तुंबली. दूध उतू गेल्यावर हे हमखास होतं. जुन्या टूथब्रशनं आणि टाचणीनं साफ केली की काम भागतं. पाण्याच्या भांड्याला आतून बसलेला क्षारांचा पांढरा थर उष्णता अडवतो, तो व्हिनेगर टाकून किंवा लिंबाच्या साली उकळून काढावा. फ्रिजमधलं दूध, काल भिजवलेली कडधान्यं शेगडीवर चढवायच्या आधी थोडी बाहेर काढून ठेवावीत. सगळं चिरून, निवडून, मसाला वाटून झाल्यावर काडी ओढावी. फोडणीचं तेल तापतंय आणि आपण कढीपत्ता शोधतोय, असं कितीदा होतं!

इकमिक कुकर तुमच्यापैकी किती जणींनी पाहिला आहे? कलकत्त्याच्या डॉ. इंदुमाधव मल्लिक यांनी 1910 च्या सुमारास तो बनवला. खाली मूठभर कोळसे, वर डबे, आणि वाफेवर वरण-भात-भाजी एकदम. सकाळी लावून बाहेर जावं, आल्यावर गरम जेवण! आमच्या माळ्यावर एक आहे. त्यातलं तत्त्व जुनं झालेलं नाही. भात अर्धा शिजला की पातेलं घट्ट झाकून जुन्या गोधडीत गुंडाळून ठेवा, उरलेला आपोआप शिजतो. सासूबाई हे करतात आणि पाहुण्यांना कळतसुद्धा नाही.

हे सगळं करून काय मिळतं? आमच्या घरात पाच माणसं. सिलिंडर लावला की मी कॅलेंडरवर त्या चौकोनात 'सि' लिहिते. एक सिलिंडर साधारण पस्तीस दिवस जायचा. गेल्या वर्षभरात तो एक्केचाळीस-बेचाळीस दिवस जातो आहे, आणि कुणी अर्धंकच्चं खाल्लं नाही. वर्षाला दीड-दोन सिलिंडर वाचले. त्याचे रुपये तुम्हीच करा, भाव मी लिहिला तर अंक तुमच्या हातात पडेपर्यंत बदललेला असायचा.

वाचलेल्या गॅसबरोबर आणखी एक गोष्ट वाचते. गॅस जळतो म्हणजे हवेतला प्राणवायू त्याला मिळतो आणि कर्बवायू तयार होतो. 14.2 किलो गॅसमधून हा कर्बवायू बेचाळीस किलोंच्या आसपास निघतो. मुलींना हे खरं वाटेना, कमी वजनातून जास्त वजन कसं? प्राणवायूचं वजन त्यात मिळतं म्हणून. हा वायू पृथ्वीभोवती पांघरुणासारखा बसतो आणि उष्णता बाहेर जाऊ देत नाही. कोळसा, पेट्रोल, डिझेल, सगळ्यांचं हेच. उन्हाळा वाढला म्हणून आपण पंखा जोरात करतो, त्या पंख्याची वीज पुन्हा कोळशावरची. हे चक्र असं आहे.

मात्र आपल्या बाजूनं एक तक्रार मला नोंदवायची आहे. बचतीची व्याख्यानं नेहमी बाईलाच ऐकावी लागतात. सकाळी सहाला मुलांसाठी, सातला सासऱ्यांसाठी, आठला यजमानांसाठी, दहाला आलेल्या पाहुण्यांसाठी असे चार वेगळे चहा बाई हौसेनं करत नाही. रात्री दहा वाजता एकजण येतो आणि त्याच्यासाठी तीन भांडी पुन्हा गरम होतात, तेव्हा शेगडीचं बटण बाईच्या हातात असलं तरी इंधन कुणामुळे जातं? एकत्र जेवायला बसणं हा आमच्या घरातला सगळ्यात मोठा गॅसबचतीचा उपाय ठरला, आणि त्यासाठी मला माझ्या स्वयंपाकात काही बदल करावा लागला नाही. चहा एकदाच जास्त करून थर्मासमध्ये भरते. ज्यांना ताजाच हवा त्यांनी शेगडी कशी पेटवतात ते शिकून घ्यावं. आमचे हे शिकले!

पानाच्या टपरीपर्यंत जायला स्कूटर लागते, सिग्नलला एंजिन चालूच राहतं, टायरमध्ये हवा आहे की नाही बघायला वेळ नसतो. गॅसवर बोलणाऱ्या पुरुषांना याबद्दलही विचारावं, सौम्यपणे.

आणि काटकसर म्हणजे चुलीकडे परत, असा अर्थ कुणी घेऊ नये. माझ्याकडे भांडी घासायला येणाऱ्या मावशींना उज्ज्वला योजनेत सिलिंडर मिळाला. ही योजना 2016 साली सुरू झाली आणि दहा कोटींहून जास्त बायकांच्या घरी त्यातून गॅस गेला, ही मोठी गोष्ट आहे. पण मावशींचा एक सिलिंडर चार महिने जातो. कारण विचारलं तर म्हणाल्या, "ताई, च्या तेवढा त्याच्यावर. भाकरी-कालवण चुलीवरच. पुन्हा भरायचा म्हणजे पैसे एकदम कुठून काढू?" त्यांचे डोळे धुरानं लाल असतात, खोकला जात नाही. देशातलं इंधन वाचवणारी खरी बाई ही, आणि तिनं वाचवू नये असं मला वाटतं. तिनं दोन्ही वेळचा स्वयंपाक गॅसवर करावा. माझ्या घरी जो वाफेवर उडतो तो तिच्या चुलीच्या जागी जळावा.

जाळण्याबद्दल आणखी थोडंसं. रशियाचे थोर रसायनशास्त्रज्ञ मेंदेलेयेव, ज्यांनी मूलद्रव्यांची सारणी मांडली, ते म्हणत असत असं सांगतात की खनिज तेल इंधन म्हणून जाळणं म्हणजे चुलीत नोटा घालणं. एकोणिसाव्या शतकातली ही गोष्ट. आज तर घरात नजर फिरवा. बादली, टब, टूथब्रश, नायलॉनची साडी, पॉलिएस्टरचा शर्ट, औषधांच्या गोळ्यांचा पापुद्रा, सगळ्यांचा मूळ माल तेलातून येतो. शेतातला युरिया नैसर्गिक वायूपासून होतो. अलिबागजवळ थळचा खत कारखाना त्यासाठीच उभा राहिला. म्हणजे गव्हाच्या पोळीखाली जळतो तोही वायू, आणि गहू ज्यावर वाढला तोही वायूच! शेगडीला दुसरा पर्याय मिळू शकतो, या बाकीच्या वस्तूंना तो इतका सहज नाही.

पर्याय म्हटला की पुष्कळजणी म्हणतात, आम्ही विजेची शेगडी घेतली, आता आमचा आणि तेलाचा संबंध नाही. इंडक्शनची शेगडी चांगलीच आहे, उष्णता थेट भांड्यात जाते. पण आपली बरीचशी वीज अजून कोळशाची आहे, आणि कोळशात जेवढी उष्णता असते तिचा साधारण तिसरा हिस्साच वीज होऊन बाहेर पडतो. एक युनिट विजेला पाऊण किलोच्या आसपास कोळसा लागतो. पंचवीस लिटरचा गीझर पाणी पंचवीस अंशांवरून साठ अंशांवर नेतो तेव्हा एक युनिट संपतं. म्हणजे आंघोळीचं पाणी कढत करून मग त्यात गार पाणी ओतताना आपण चंद्रपूरचा पाऊण किलो कोळसा वापरलेला असतो. तिथलं औष्णिक केंद्र 2920 मेगावॉटचं, महाराष्ट्र सरकारच्या केंद्रांत सर्वांत मोठं. त्याच्या राखेची आणि धुळीची तक्रार तिथल्या बायका वर्षानुवर्षं करत आल्या आहेत, आणि आपण बटण दाबतो ते खूप लांब. 2024-25 साली देशानं पहिल्यांदाच वर्षाला 100 कोटी टनांहून जास्त कोळसा खणला. अभिमानानं सांगितलं गेलं, आणि उजेड हवा तर सध्या तो लागतोच, पण पंचवीस कोटी वर्षांचं जंगल ते, हेही आठवावं.

ओल्या कचऱ्याचा गॅस हाही एक रस्ता. पुण्याच्या 'आरती' या संस्थेनं डॉ. आनंद कर्वे यांच्या मार्गदर्शनाखाली घरातल्या खरकट्यावर चालणारं छोटं गॅस संयंत्र तयार केलं, त्याला 2006 साली 'अ‍ॅशडेन' हा आंतरराष्ट्रीय पुरस्कार मिळाला. अंगण किंवा गच्ची असेल तर विचार करण्याजोगं आहे. रोज भरावं लागतं, चिकाटी हवी. फ्लॅटमध्ये एकटीनं जमेल असं मी म्हणणार नाही.

जमण्याजोगं आणि सगळ्यात फायद्याचं म्हणजे गच्चीवरचा सूर्यबंब. आपल्याकडे वर्षातले आठ महिने ऊन फुकट पडतं, पाणी दुपारी तापतं आणि झाकलेल्या टाकीत सकाळपर्यंत गरम राहतं. गीझरचा कोळसा यात पूर्ण वाचतो. पावसाळ्यात तेवढा गीझर लावावा लागतो. आमच्या सोसायटीत हा विषय तीन वर्षं रेंगाळला. गच्चीवर जागा कुणाची, नळ कुणी टाकायचे, वरच्या मजल्यावर गळती झाली तर काय, असं दर सभेला निघायचं. सभेला बसणारे सगळे पुरुष, आणि सकाळी सहाला पाणी तापवणाऱ्या सगळ्या बायका! शेवटी आम्ही चौघीजणी सभेला जाऊन बसलो. आमच्यातल्या दोघींची नावं फ्लॅटवर होती, उरलेल्या दोघींनी सहयोगी सभासद म्हणून नाव लावून घेतलं. त्या अर्जाला फार काही लागत नाही, सोसायटीच्या चिटणिसाकडे छापील नमुना असतो. दुसऱ्याच सभेत दरपत्रकं मागवायचा ठराव झाला. तुमच्या जिन्यात पुढच्या वार्षिक सभेची नोटीस लागेल तेव्हा तारखेबरोबर विषयपत्रिकाही वाचा, आणि सूर्यबंबाचा विषय त्यात नसेल तर सभेच्या आधी तो लेखी देऊन ठेवा.